धुळीचं वादळ छापता, पण मोजलं कुणी?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरला फोटो होता, चौकात माणसं तोंडाला रुमाल बांधून पळतायत आणि खाली मोठ्या अक्षरात "धुळीच्या वादळाने जिल्हा झाकोळला". त्या दिवशी मी शेतातच होतो, वखर चालू होता, वारं सुटलं होतं हे खरंय, फुफाटाही उडाला, पण अडीच किलोमीटरवरची शेजारच्या गावची पाण्याची टाकी मला सगळा वेळ दिसत होती. उलट त्याच्या आधी, रोहिण्या निघाल्या त्या दिवशी संध्याकाळी जे वावधान आलं त्याच्यात शाळा दिसेना, बैलं जागेवर बसली, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात दोन ओळी, त्याबी "वादळी वारे" म्हणून.

आता तुम्ही म्हणाल ह्याला कसं कळलं कोणतं मोठं. सांगतो. हवामान खात्याचे निरीक्षक फार जुन्या काळापासून जे करत आलेत तेच मी करतो, ठरलेल्या जागी उभं राहायचं आणि माहीत असलेल्या अंतरावरच्या वस्तू दिसतात का बघायच्या. माझ्या स्लॅबवरून बांधावरचा लिंब 300 मीटर, झेडपीची शाळा 800, मोबाईल टॉवर 1100 आणि टाकी अडीच किलोमीटर, सगळं मोबाईलच्या मॅपवर मोजून घेतलंय. धुळीमुळं एक किलोमीटरच्या आतलंच दिसायला लागलं की हवामानवाले त्याला धुळीचं वादळ म्हणतात. रोहिण्यातल्या दिवशी लिंब अंधुक होता आणि शाळा गायब, म्हणजे ते वादळ. तुमच्या फोटोतल्या दिवशी टाकी दिसत होती, म्हणजे ती नुसती धूळ. ह्याला पैसा लागत नाही, डोळे लागतात.

बातमीत ॲपवरचा आकडा पण दिला होता, हवा 'मध्यम' म्हणून. आपल्याकडचा एक्यूआय, म्हणजे हवा किती चांगली-वाईट त्याचा आकडा, काढताना धुळीची 24 तासांची सरासरी धरतात. समजा अर्धा तास हवेत घनमीटरला 2000 मायक्रोग्रॅम धूळ होती आणि बाकी साडेतेवीस तास 80, तर सरासरी येते 120 आणि 120 म्हणजे 'मध्यम', झालं. ज्या अर्ध्या तासात मोटारसायकलवाल्याला समोरचा ट्रॅक्टर दिसला नाही तो अर्धा तास त्या आकड्यात कुठं राहिला? आणि त्यातही तो आकडा शहरातल्या मशीनचा, आमच्यापासून ती जागा कित्येक किलोमीटर लांब, तरी ॲपवर आमच्या गावाचं नाव टाकलं की बिनधास्त आकडा येतो.

माझा भाचा पुण्याला असतो, त्यानं एक छोटा सेन्सर आणून दिला. त्याच्यात बारीक लेझर असतो, हवेतल्या कणावर उजेड आपटून जो विखुरतो त्यावरून तो धूळ मोजतो. रोहिण्यातल्या वादळात वाळत घातलेली धोतरं तांबूस झाली, दातात खडे करकर वाजत होते आणि भाचा म्हणतो "मामा, आकडा तर झकास आहे". मला वाटलं सेन्सर बिघडला, पण तसं नव्हतं. असले स्वस्त सेन्सर धुरासारखे बारीक कण बरे पकडतात, जाड धूळ त्यांच्या हाती नीट लागत नाही, आणि हिवाळ्यात धुकं आलं की पाण्याच्या थेंबालाच धूळ समजून आकडा फुगवतात. सरकारी केंद्रावरची मशीनं वेगळी, बऱ्याच ठिकाणी हवा कागदाच्या पट्टीतून ओढतात आणि पट्टीतून बीटा किरण सोडतात, जितकी धूळ जास्त तितके किरण कमी पार होतात. पण ती पीएम 10 मोजतात, म्हणजे 10 मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या) आतली धूळ. डोळ्यात जाणारा वाळूचा कण 100 मायक्रॉनच्या आसपासचा, तो ह्या हिशोबात येतच नाही. गंमत अशी की सुरुवात तोच करतो, वाऱ्यानं आधी तो उड्या मारत जमिनीवर आपटतो आणि त्याच्या माराने बारीक माती सुटून वर जाते. मोठा कण थोड्या वेळात खाली बसतो, बारीक धूळ मात्र कित्येक दिवस तरंगते.

सॅटेलाइट आहे की, असं आमचे तलाठी म्हणाले. आहे, इन्सॅट 3डीआर वगैरे जवळपास 36 हजार किलोमीटरवरून इन्फ्रारेडमध्ये, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या उष्णतेच्या किरणांत बघतात, त्यातल्या दोन वेगवेगळ्या पट्ट्यांमधल्या फरकावरून धूळ आणि ढग वेगळे करता येतात, रात्री सुद्धा. जानेवारी 2022 मध्ये पाकिस्तानकडून आलेली धूळ गुजरात, अरबी समुद्र ओलांडून 23 तारखेला मुंबई-पुण्यावर पसरली, तसली मोठी चादर वरून छान दिसते. पण आमचं वळवाचं वादळ वेगळं असतं. ढगातून थंड हवा खाली आदळते, आडवी पसरते आणि नांगरलेल्या रानातली माती उचलते, सगळा खेळ वीस-पंचवीस मिनिटांचा आणि तोही ढगाखाली. वरून सॅटेलाइटला ढगच दिसणार.

म्हणून मी स्लॅबवर एक 40 सेंटीमीटरची परात ठेवली आणि तिच्यात पोरांच्या गोट्या भरल्या, म्हणजे बसलेली धूळ परत उडत नाही (बायको म्हणाली आता हेच राहिलं होतं). वादळानंतर गोट्या धुतल्या, पाणी आटवलं आणि उरलेली माती सोनाराच्या काट्यावर तोलली, सव्वा ग्रॅम. तो हसला, म्हणाला घडणावळ किती लावू. पण हिशोब केला तर एकरी चाळीस किलो होते साहेब! एका परातीवरून एकराचं सांगणं धाडसाचंय हे मान्य, चार-पाच जागी पराती ठेवल्या तर खरं कळेल. आणि ती माती माझ्या शिवारात आली की माझीच उडून गेली, हे परात सांगत नाही.

आता मागणी. राज्यात दोन हजारावर महसूल मंडळांत हवामान केंद्रं बसवलीत, पाऊस, तापमान, आर्द्रता, वारा मोजतात, त्याच खांबावर दृश्यमानता आणि धूळ मोजायची सोय करा म्हणून आपण पेपरातून मागं लागा. ते होईल तेव्हा होईल. तोवर कमाल-किमान तापमानाच्या चौकटीत एक ओळ वाढवा: किती अंतरावरचं दिसत होतं, किती वाजता, किती मिनिटं, आणि धुळीचा आकडा दिलाच तर कुठल्या केंद्राचा आणि किती तासांचा. तालुक्याच्या वार्ताहराला त्याच्या खिडकीतून दिसणाऱ्या चार खुणा ठरवून द्या, अंतर मॅपवर निघतं.

माझ्याकडं एकाच जागेवरून काढलेले दोन फोटो आहेत, एक निरभ्र दिवसाचा टाकीसकट आणि एक रोहिण्यातला, लिंबापर्यंतच दिसतंय असा. छापणार असाल तर पाठवतो, दोन्ही शेजारी-शेजारीच छापा.

आपला,
एक शेतकरी वाचक
ता. जिंतूर, जि. परभणी