लेकराची स्वतःची फाईल

अंबाजोगाई,
सप्टेंबरअखेर

प्रिय मंदा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. पिंटू तिसरीत गेलाय, गोष्ट सांगायला लागला की घर डोक्यावर घेतो आणि लिहायला बसवलं की दर दोन ओळींनी ‘मम्मी, हे कसं काढायचं?’ म्हणत उठतो, असं तू लिहिलंस. शिकवणी लावू का, असंही विचारलंस. इतक्यात लावू नकोस. मी शाळेत लेकरांकडून एक फाईल करून घेते, ती आधी त्याच्याबरोबर बसून कर. ती कशी करायची, तेच सविस्तर लिहिते.

साहित्य फार लागत नाही. मोंढ्यातल्या कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात जाड पुठ्ठ्याच्या साध्या फाईली मिळतात, कचेरीत कागद ठेवतात तसल्या. दोन आण. दोन्ही उघडून शेजारीशेजारी ठेव आणि एकीचा उजवा पुठ्ठा दुसरीच्या डाव्या पुठ्ठ्यावर फेविकॉलनं चिकटव. रात्रभर वर पाटा ठेव. सकाळी तीन पानांची एकच फाईल तयार होते. मधलं पान दुहेरी म्हणून टणक, बाजूची दोन आत मिटणारी. उघडून जमिनीवर उभी केली की लेकराच्या समोर छान आडोसा होतो. कडांना बाईंडिंगची पट्टी लावलीस तर वर्षभर टिकेल. आत मात्र कागद चिकटवायचे नाहीत. लग्नपत्रिकांची पाकिटं घरात पडलेलीच असतात, ती अर्धी कापून खिसे कर आणि पत्रिकांच्या कोऱ्या बाजूची कार्डं काप.

आता आत काय घालायचं? इथंच बहुतेक जण वरून सुरुवात करतात: सगळी बाराखडी, सगळे पाढे, शंभरपर्यंतचे सगळे अंक. तेवढं तर अंकलिपीत असतंच गं, आणि ती सगळ्या लेकरांना सारखीच असते. आमच्या शाळेच्या भिंतीही ‘बोलक्या’ आहेत, अक्षरं-अंक रंगवून घेतलेल्या, पण भिंत कुणा एकाशी बोलत नाही. पिंटूच्या फाईलीत पिंटू अडखळतो तेवढंच असायला हवं. त्याच्या या वर्षीच्या वह्या काढ आणि लाल शाई शोधत जा. वाटतं तितक्या वेगवेगळ्या चुका नसतात. त्याच त्या पुन्हा पुन्हा होतात.

आमच्या वर्गातल्या एका पोराची गोष्ट सांगते. बेरीज-वजाबाकीत चुणचुणीत, पण तोंडी अंक सांगितले की सगळं उलटं. ‘त्रेसष्ट’ म्हटलं की ३६ लिहायचा, ‘सत्तेचाळीस’ म्हटलं की ७४. घरच्यांना वाटलं, याला गणितच येत नाही. नीट ऐकलं तर तो कानाशी अगदी प्रामाणिक होता. आपण बोलताना एकक आधी उच्चारतो आणि लिहिताना दशक आधी लिहितो. तीन ऐकू आला, तीन लिहिला. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला ‘वीस एक’ म्हणायची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवतो ना? मला दोन्ही हवेत. त्या पोराच्या कार्डावर पुढच्या बाजूला ‘त्रेसष्ट’ आणि त्याखाली बारीक अक्षरात ‘साठ तीन’ असं त्याच्याच हातानं लिहून घेतलं, मागच्या बाजूला ६३. अशी त्याला फार थोडी कार्डं लागली. ‘एकोण’वाल्यांचा मात्र वेगळा खिसा करावा लागला, कारण एकोणचाळीस ऐकलं की त्याच्या मनात चाळीसच भरायचं आणि तो ४९ लिहून मोकळा व्हायचा. त्या खिशावर त्यानं स्वतःच शिडी काढली, चाळीसच्या पायरीवरून एक पाय खाली टाकलेलं माणूस काढलं, आणि खाली ३९. मी सांगून ते चित्र सुचलं नसतं.

मराठीत सगळ्यात जास्त घोळ र घालतो. त्याचे अवतार किती! हे शिकवताना पुस्तकातले शब्द बाजूला ठेव आणि लेकराच्या तोंडातले घे. आमच्याकडची कार्डं अशी आहेत: सर्जा, ग्रामपंचायत, ट्रॅक्टर, पऱ्हाटी. सर्जा हे एका पोरीच्या बैलाचं नाव. ती ते ‘र्सजा’ असं लिहायची, रफार स वर. तिला मोठ्यानं म्हणायला लावलं: स… र्… जा. र कुणाच्या आधी ऐकू आला? जा च्या. मग तो जा च्या डोक्यावर बसणार. ग्रामपंचायतीत र ग च्या नंतर येतो, म्हणून पायाशी तिरकी रेघ. ट ला तशी रेघ मारायला जागाच नसते, म्हणून ट्रॅक्टरच्या ट खाली दोन पायांचा र. आणि पऱ्हाटीतला र आडवा होऊन ह ला चिकटतो. ही चार कार्डं समोर असली की नवीन शब्द आला तरी लेकरू विचारतं, ‘बाई, हा सर्जातला का पऱ्हाटीतला?’ पिंटूसाठी नांदेडचे, तुमच्या गल्लीतले शब्द शोध. तुमच्याकडे गुरुद्वाऱ्यातला ऱ्या आहेच.

घ-ध आणि म-भ यांची अदलाबदल करत असेल तर एकच कार्ड पुरतं: ध आणि भ यांच्या डोक्यावरची रेघ तुटते, घ आणि म यांची अखंड असते. ऱ्हस्व-दीर्घाचं तिसरीत फार मागे लागू नकोस. फूल पण फुलाला, पीठ पण पिठात, एवढी एक जोडी आता बस झाली.

पाढ्यांचं ऐक. एक, दोन, पाच आणि दहाचा पाढा येत असेल आणि सात आठे म्हणजेच आठ साते हे कळलं असेल, तर दहापर्यंतच्या सगळ्या पाढ्यांत नव्यानं पाठ करायचे असे २१ गुणाकारच उरतात. विश्वास बसत नसेल तर ३, ४, ६, ७, ८, ९ यांचं कोष्टक मांडून मोज. शंभर घरांच्या तक्त्यापुढं घाबरलेल्या लेकराला हे कळलं की त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. त्यातले त्याला येतात ते काढून टाक, राहतील तेवढ्यांचीच कार्डं कर. छप्पन्न आठवत नसेल तर ५, ६, ७, ८ असं ओळीनं लिहून दाखव: ५६ म्हणजे ७ गुणिले ८. ते विसरत नाहीत.

तुझ्या सासूबाई म्हणतील, बघून लिहायची सवय लागेल. आमच्याकडेही पालक हेच म्हणतात आणि त्यांची काळजी खोटी नाही. म्हणून कार्डाची प्रश्नाची बाजूच वर ठेवायची. आधी आठवायचं, पाटीवर लिहायचं, मगच कार्ड उलटायचं. पण गोष्ट किंवा निबंध लिहिताना खुशाल बघू दे. पुढं काय झालं ते धरून ठेवायचं, वाक्य जुळवायचं आणि त्यातच ‘दुसऱ्या’तला र कसा काढायचा ते आठवायचं, एवढं एका वेळी त्या जिवाला झेपत नाही. र समोर असला की गोष्ट तरी निसटत नाही. आणि खिसे यासाठी, की एखादं कार्ड वेगवेगळ्या दिवशी तीनदा न उलटता जमलं की ते त्यानं स्वतः काढून डब्यात टाकायचं. खिसा रिकामा झाला की त्याला जो आनंद होतो तो बक्षिसानंही होत नाही. कार्डं त्याच्याच अक्षरात हवीत, वाकडीतिकडी चालतील. तू फक्त तपासून दे, कारण फाईलीत चूक राहिली तर तीच पाठ होते.

आपल्या अंबाजोगाईच्या संतकवी दासोपंतांनी पंचीकरणासारखा वेदान्तातला अवघड विषय पासोडीवर, कापडावर लिहून काढला. ती पासोडी आठवली की मला वाटतं, त्यांनाही सगळा विषय एका नजरेत मावलेला हवा असणार. कुठंही नेता येईल, अंथरता येईल असा.

मला स्वतःला हे का एवढं जिवाजवळचं झालंय ते सांगते. दसरा-दिवाळी झाली की आमचा अर्धा वर्ग रिकामा होतो. आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला कोल्हापूर-सांगलीकडं, कर्नाटकात जातात. काही लेकरं हंगामी वसतिगृहात राहतात, बाकीची आईबापाबरोबर उसाच्या फडावर. बोलक्या भिंती त्यांच्याबरोबर जात नाहीत. फाईल जाते. चौथीतली एक मुलगी उन्हाळ्यात परत आली तेव्हा फाईल चुलीच्या धुरानं काळी पडलेली, एक कड उंदरानं कुरतडलेली. मी उघडून बघितली. सातच्या पाढ्याचा खिसा रिकामा होता. आणि मागच्या बाजूला तिनं स्वतः एक खिसा लावला होता, त्यात काट्यावरच्या वजनाच्या पावत्या. भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, त्याखाली तिनं पेन्सिलीनं केलेली वजाबाकी. शेजारी कार्ड: १ टन म्हणजे १० क्विंटल म्हणजे १००० किलो. बापाला हिशेब वाचून दाखवायला तिला ते लागत होतं. मंदा, मी तिला टन शिकवला नव्हता. फाईल तिची होती, म्हणून तिला लागेल ते तिनं त्यात घातलं.

बंजारा तांड्यावरच्या लेकरांच्या फाईलीत मी आणखी एक खिसा करते, घरच्या बोलीचा. एका बाजूला याडी, दुसऱ्या बाजूला आई. एका बाजूला बाटी, दुसऱ्या बाजूला भाकरी. ही कार्डं काढून टाकायची नसतात. उलट बाकीची पोरं ती मागून नेतात आणि गोरमाटी, म्हणजे बंजाऱ्यांची बोली, शिकतात.

तर आता तू असं कर. पिंटूच्या मराठीच्या आणि गणिताच्या वहीतल्या लाल शाईच्या पानांचे फोटो काढून मला पाठव. कुठून सुरुवात करायची ते मी कळवते. त्याला रागावून वही मागू नकोस. ‘मावशीला बघायचीय’ म्हण. फाईली मात्र आजच आण, आणि रंग त्याला निवडू दे. आमच्याकडं दसऱ्यानंतर गाड्या निघतील, त्याआधी जाणाऱ्या लेकरांच्या फाईली पुऱ्या करायच्यात, म्हणून आता थांबते. भाऊजींना नमस्कार, सासूबाईंना दंडवत, पिंटूला गोड पापा.

तुझीच,
शैला