कपाटातला टीव्ही आणि तिसरीतली एक मुलगी : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी नाशिकमध्ये डी.एल.एड.च्या, म्हणजे प्राथमिक शिक्षक होण्याच्या पदविकेच्या, दुसऱ्या वर्षाला आहे. पुढे टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा), मग टेट (शिक्षक भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी), आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचं हे मनाशी पक्कं आहे. आंतरवासितेसाठी, म्हणजे शाळेत राहून शिकवण्याच्या सरावासाठी, मला पेठ तालुक्यातली दोनशिक्षकी शाळा मिळाली. सावळघाट ओलांडला की मोबाइलची रेंज जाते आणि मग कधीतरी एखादी काडी दिसते.

शाळेच्या भिंतीवर 'डिजिटल शाळा' असं रंगवलंय. गावाने वर्गणी काढून टीव्ही घेतला होता. मी तो पाहिला तेव्हा जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून कपाटात ठेवलेला होता. पावसाळ्यात वीज कमीजास्त झाली आणि आतला बोर्ड जळला. दुरुस्तीला नाशिकला न्यायचा तर तो खर्च कशात दाखवायचा, हे शाळेतल्या सरांना कुणीच नीट सांगितलं नाही. पुन्हा वर्गणी मागायची तर कोणत्या तोंडाने? ज्यांनी पैसे दिले ते भात-नागली पिकवणारे, द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-निफाडकडे मजुरीला जाणारे पालक आहेत.

तंत्रज्ञानाला माझा विरोध नाही, उलट मला ते वर्गात हवंच आहे. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड ही कल्पना परितेवाडीच्या डिसले गुरुजींनी जिल्हा परिषदेच्या साध्या शाळेत राबवली, आणि २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. २०१७ साली दीक्षा हे शालेय अभ्यासाचं सरकारी अ‍ॅप आलं. आज बालभारतीच्या पुस्तकात कोड आहेत, पण आमच्या शाळेत ते स्कॅन केले की गोल चक्र फिरत राहतं आणि मुलं खिडकीबाहेर बघायला लागतात.

मग एक दिवस मी इंटरनेटचा नाद सोडला. तिसरीतली एक मुलगी वाचताना इतकं हळू बोलायची की शेजारच्या मुलीलाही ऐकू जायचं नाही. घरी कोकणा बोलतात, पुस्तकातली मराठी तिला परकी वाटायची. मी तिचं वाचन फोनवर रेकॉर्ड केलं आणि फोन तिच्या कानाला लावला. ती ऐकत ऐकत पुस्तकातल्या ओळींवरून बोट फिरवत होती. मध्येच बोट थांबलं. ''मॅडम, ही ओळ राहिली. परत घ्या.'' तिने चार वेळा परत घ्यायला लावलं. चौथ्या वेळी तिचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचला. इतके दिवस मी तिला ''मोठ्याने वाच'' म्हणत होते, त्याने काहीच झालं नव्हतं.

साहेब, हे मला अध्यापक विद्यालयात कुणी शिकवलं नाही. तिथे सराव पाठाला आम्ही प्रोजेक्टरवर पीपीटी दाखवतो, टाचणात शैक्षणिक साहित्य म्हणून लिहितो, गुण मिळतात. एका खोलीत दोन इयत्ता, हातात एकच फोन आणि रेंज नाही, अशा वर्गाचा पाठ एकदाही घ्यायला लावला नाही. निदान दोन सराव पाठ तरी असे सक्तीचे करा. नोकरी लागली की आमच्यातल्या बऱ्याच जणींच्या वाट्याला असलेच वर्ग येणार आहेत.

दुसरं, केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेला सगळे शिक्षक जमतातच. त्या दिवशी पुढच्या महिन्याचे व्हिडिओ आणि गोष्टी पेनड्राइव्हवर भरून द्या. रेंजचा प्रश्न तिथेच निम्मा सुटेल. आणि सरांचा फोन थोडा मोकळा करा. हजेरी, पोषण आहार, यू-डायस प्लस या सरकारी पोर्टलवरची शाळेची माहिती, सगळं त्याच फोनवर. रेंज शोधत ते मैदानाच्या कडेला उभे असतात आणि दोन्ही वर्ग वाट बघत बसतात.

टीव्ही अजून कपाटातच आहे. शाळेतल्या यंत्रांची दुरुस्ती आणि वीजबिल यांसाठी वेगळी रक्कम द्या, आणि ती कोणत्या शीर्षाखाली खर्च करायची हे एका परिपत्रकात स्पष्ट लिहा. ते पत्र हातात पडलं, तर पुढच्या सोमवारीच सर तो टीव्ही नाशिकच्या एसटीत घालतील.

आपली,
एक छात्राध्यापिका, नाशिक