तुझ्या डॉर्टमुंडातला पंधरावा गोल

सोन्या,

काल फोनवर तू म्हणालास की ऑफिसात जेवायच्या सुट्टीत वाद झाला, जगातला सगळ्यात भारी नऊ नंबर, म्हणजे गोल मारणारा स्ट्रायकर कोण, आणि तिथले सगळे जर्मन त्यांचा जुना गेर्ड म्युलर म्हणाले आणि तू आपल्या ब्राझीलच्या रोनाल्डोचं नाव न घेता गप्प बसलास. गप्प बसलास? कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या पोरीचा पोरगा असून? तेव्हा कुकरची शिट्टी होत होती आणि नेटवर्क पण तुटत होतं म्हणून मी काही बोलले नाही, पण रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. म्हणून आता टाईप करत बसलीय, लांबलं तर लांबलं, ट्रेनमध्ये बसून वाच.

पहिलं म्हणजे म्युलरला नावं ठेवायची नाहीत हं. देशासाठी ६२ मॅच आणि ६८ गोल, म्हणजे मॅचपेक्षा गोल जास्त, असं कुणी ऐकलंय का. जर्मनीच्या लीगमध्ये, बुंडेसलिगात ३६५. १९७० च्या वर्ल्डकपला १०, ७४ ला ४, आणि ७४ ची फायनल हॉलंडबरोबर म्युनिकमध्ये झाली त्यात जिंकवणारा गोल पण त्याचाच. यूट्यूबवर बघितलाय मी, गोलला पाठ करून उभा राहतो, बॉल पायात येतो आणि गर्रकन वळून मारतो, कीपर नुसता बघत राहतो. तेव्हा आकड्यात त्यांचा माणूस पुढं आहे, रोनाल्डोचे ब्राझीलसाठी ९८ मॅचमध्ये ६२, हे कबूल करून टाक आणि मग बोलायला सुरुवात कर. आकड्यावरनं भांडायला गेलास तर हरशील.

रविवारी दोन्ही मामा आले होते घरी. मी मुद्दाम विचारलं, रोनाल्डोचे एकूण गोल किती रे? दोघांनाही येईना. आणि तुला माहितीय ना थोरला मामा कसा आहे ते, पाटाकडील तालमीच्या जुन्या मॅचचे स्कोअर मिनिटासकट सांगतो आणि खंडोबा तालीमवाल्यांशी त्यावरनं अजून भांडतो. पण आठवण काढ म्हटल्यावर सायटिका विसरून उठला की, हॉलमधला टीपॉय बाजूला सरकवला आणि पाय फिरवून दाखवायला लागला, असा गेला, असा आत घेतला, अशी कंबर हलवली. मामी आतनं ओरडतेय, पडशील अण्णा, पण तो कसला थांबतोय. त्याचा आवडता गोल म्हणजे बार्सिलोनाकडनं कॉम्पोस्टेलाविरुद्धचा, ऑक्टोबर ९६ चा. स्वतःच्या अर्ध्या मैदानातनं बॉल घेऊन सुटला, एकानं शर्ट धरून ओढला, दोघं तिघं अंगावर आले, तरी पडला नाही, आणि गोल झाल्यावर त्यांचा कोच बॉबी रॉबसन डोक्याला हात लावून उभा. मामा म्हणतो मला गोलपेक्षा तो कोचच जास्त आठवतो, स्वतःच्याच प्लेअरवर विश्वास बसेना त्या माणसाचा. त्या एका सीझनला रोनाल्डोनं बार्सिलोनासाठी ४९ मॅचमध्ये ४७ गोल मारले, वय वीस.

धाकट्या मामाचं वेगळंच. तो म्हणाला मला ओल्ड ट्रॅफर्ड आठवतं. एप्रिल २००३, चॅम्पियन्स लीगची क्वार्टर फायनल, रोनाल्डो रिअल माद्रिदकडनं, आणि युनायटेडच्या घरात जाऊन तीन गोल. मॅच युनायटेडनं ४-३ जिंकली पण आधीच्या, पहिल्या लेगच्या मॅचमधले गोल धरून पुढं गेलं माद्रिद. आणि त्याला बदली करून बाहेर काढलं तेव्हा आख्खं स्टेडियम उभं राहिलं, म्हणजे युनायटेडचे लोक, ज्यांना त्यानं घरी बसवलं ते, उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. हे ऐकून मी म्हटलं, शाहू स्टेडियमला असं होईल का रे कधी? दोघं पण हसायला लागले. आपल्याकडं दोन पेठांची मॅच म्हणजे आधी पोलीस बंदोबस्त आणि मग फुटबॉल, समोरच्या टीमच्या प्लेअरसाठी टाळी वाजवली तर शेजारचाच विचारेल कुठल्या पेठेतला रं तू. मला मात्र तसं एकदा बघायचंय इथं.

तुझे पप्पा तर अर्जेंटिनावाले, तुला माहितीच आहे, लग्नात हुंड्याऐवजी मॅराडोनाचा फोटो मागितला असता ह्यांनी. पेपर वाचत बसले होते, आपल्याला काय त्याचं असं तोंड करून. मग पेपर खाली न करता म्हणाले, लाझिओ. बस्स, एवढंच. ९८ ची यूएफा कप फायनल, इंटर ३ लाझिओ ०, शेवटचा गोल इंटरच्या रोनाल्डोचा. कीपर पुढं आला, ह्यानं बॉलला हात ना पाय, नुसती कंबर इकडं तिकडं केली आणि कीपर जाग्यावर बसला. अर्जेंटिनावाल्यानं एवढं कबूल केलं म्हणजे समज.

तर माझ्या आठवणीत आधी वाईटच येतं. ९८ ची वर्ल्डकप फायनल, फ्रान्समध्ये. आपल्याकडं रात्री साडेबारा वाजता सुरू. माझं लग्न ठरलं होतं, आई म्हणत होती पोरीच्या जातीनं एवढ्या रात्री टीव्हीपुढं बसू नये, आबा म्हणाले बसू दे, पुढं सासरी कोण बसू देतंय. (बसू दिलं, पण अर्जेंटिनाच्या मॅचला.) मॅचच्या आधी टीमची यादी आली, त्यात रोनाल्डोचं नावच नाही, त्याच्या जागी एडमंडोचं नाव. आमच्या घरात सन्नाटा. मग थोड्या वेळानं दुसरी यादी, त्यात नाव आलं आणि पोरांनी शिट्ट्या मारल्या. पण मैदानावर तो आपला नव्हताच, नुसता फिरत होता, तोंड उतरलेलं, फ्रान्सचा कीपर बार्थेझवर जाऊन आदळला तेव्हा वाटलं उठतच नाही आता. झिदाननं दोन हेडर मारले, शेवटी पेटिटनं एक, ३-०. नंतर पेपरात वाचलं की त्या दुपारी हॉटेलात त्याला फिट आली होती, रूममध्ये रॉबर्टो कार्लोस होता त्यानं आरडाओरडा करून बाकीच्यांना बोलावलं. मला अजून राग येतो बघ, एकवीस वर्षांचं पोरगं ते, दुपारी फिट आलेल्या पोराला संध्याकाळी कोण खेळवतं?

मग ९९ ला गुडघा गेला. एप्रिल २००० मध्ये परत आला, रोममध्ये इटालियन कपची फायनल, पुन्हा लाझिओच समोर, आणि मैदानात उतरून सहा-सात मिनिटंच झाली असतील, बॉल घेऊन तोच त्याचा पाय फिरवायला गेला आणि कुणी हातसुद्धा न लावता खाली पडला. वाटीच्या खालचा स्नायूबंध तुटला होता. गुडघा धरून ओरडला तो आवाज मी बातम्यांत ऐकला आणि टीव्ही बंद केला. तू पोटात होतास तेव्हा. डॉक्टर लोक म्हणायला लागले, हा आता नीट खेळणं अवघड. तालमीच्या कट्ट्यावर पण पोरं म्हणायला लागली, संपला.

म्हणून २००२ चं एवढं कौतुक, कळलं का. वर्ल्डकपच्या क्वालिफायरला तो नव्हताच. ब्राझीलचा कोच स्कोलारी, त्यानं जुन्या स्ट्रायकरला, रोमारिओला घरी ठेवलं, सगळा ब्राझील बोंबलत होता रोमारिओला घ्या म्हणून, आणि ह्या दोन वर्षं पाय बांधून बसलेल्याला घेऊन गेला. आपल्याकडं तर पैजा लागल्या होत्या किती मॅच टिकतोय म्हणून. तुर्कीला एक, चीनला एक, कोस्टा रिकाला दोन, बेल्जियमला एक. इंग्लंडला नाही मारला, ती मॅच रोनाल्डिन्योची. मग सेमीफायनलला परत तुर्की, आणि बुटाच्या टोकानं मारलेला तो गोल, पाय मागं न घेताच मारला, कीपरला कळायच्या आत आत.

आणि त्याच मॅचला ते केस! सगळी टक्कल आणि पुढं तेवढी नारळाची शेंडी ठेवल्यागत केस. दुसऱ्या दिवशी पेठेत निम्मी पोरं तशीच. मी तेव्हा फायनलसाठी माहेरी आले होते, तुला धाकट्या मामाकडं देऊन जरा बाजारात गेले, परत येऊन बघते तर तुझी पण शेंडी. दीड-दोन वर्षांचं पोर, जावळ काढून कुठं नीट केस आलेले. मी त्याला असलं झापलंय, तो आबांच्या मागं जाऊन लपला. तो फोटो अजून आहे, अल्बममध्ये, तू हातात भडंगाचा कागद धरून बसलायस आणि कपाळावर ते शेपूट. पुढं कधीतरी वाचलं, रोनाल्डो स्वतःच सांगत होता की लोक सारखं त्याच्या दुखापतीचंच विचारत होते, त्यांचं लक्ष दुसरीकडं जावं म्हणून ते केस कापले, आणि ज्या आयांच्या पोरांनी तसे कापले त्या सगळ्यांची माफी पण मागितली त्यानं. मी केलं बाबा माफ. मामाला अजून नाही.

फायनल ३० जूनला, रविवार, जपानात योकोहामाला, म्हणून आपल्याकडं दुपारी साडेचारला. बाहेर पाऊस धो धो. लाइटचा भरवसा नाही म्हणून थोरल्या मामानं रिक्षाची बॅटरी काढून माडीवर आणली होती आणि त्यावर चालणारा छोटा टीव्ही कुणाकडनं तरी मागून आणून तयार ठेवला होता, मोठ्या टीव्हीच्या शेजारीच. खोलीत माणसं किती विचारू नकोस, जिन्यावर पण बसलेली, ओल्या छत्र्यांचं पाणी पायऱ्यांवरनं खाली. पुढं जर्मनी आणि गोलमध्ये ऑलिव्हर कान. त्या माणसानं आख्ख्या वर्ल्डकपला फायनलपर्यंत एकच गोल खाल्ला होता, एकच, आयर्लंडच्या रॉबी कीनचा. पहिल्या हाफला रोनाल्डोनं दोन-तीन चान्स घालवले आणि मागनं कुणीतरी म्हणालं, गुडघा बोलतोय रे. आबांनी मागं वळून असं बघितलं त्याच्याकडं की तो परत बोललाच नाही.

६७ वं मिनिट. जर्मनीच्या हामानच्या पायातनं रोनाल्डोनंच बॉल काढला, रिवाल्डोला दिला, रिवाल्डोनं लांबनं मारला, तसा फार अवघड पण नव्हता, कानच्या छातीवरनं सुटला. आणि रोनाल्डो थांबला नव्हता, पळतच होता. हेच तर, बाकीचे मारून बघत राहतात, हा पळत होता. माडी हलली रे अक्षरशः, खालनं घरमालकीण ओरडायला लागली. दुसरा ७९ व्या मिनिटाला, क्लेबरसननं उजवीकडनं आत दिला, रिवाल्डोनं पायातनं तसाच सोडून दिला, सगळे जर्मन रिवाल्डोकडं बघतायत आणि ह्यानं कोपऱ्यात सरकवला. त्या वर्ल्डकपला एकूण आठ. मॅच संपल्यावर कान गोलपोस्टला टेकून बसला होता, मला त्याचं पण वाईट वाटलं, खरंच. हे तुझ्या ऑफिसातल्यांना सांग, नाहीतर म्हणतील इंडियावाले आमच्या जखमेवर मीठ चोळतात. आबा काही बोलले नाहीत, उठले आणि छत्री न घेताच पेढे आणायला गेले. एवढे भिजून आले की पेढ्याचा खोका पण ओला.

आता तुझ्या गावाचं. २७ जून २००६, ब्राझील-घाना, डॉर्टमुंड. हो, तुझंच डॉर्टमुंड, जिथं तू भाडं जास्त आहे म्हणून रडतोस. तेव्हा तो सुटला होता चांगलाच, सगळे जाड्या म्हणून हसायचे, आपल्या इथल्या पेपरात पण काय काय यायचं. आणि पाचव्या मिनिटाला बॉल मिळाला, कीपर पुढं आला, तीच कंबर, तोच पाय बॉलवरनं, कीपर एकीकडं आणि हा दुसरीकडं. वर्ल्डकपमधला पंधरावा गोल, म्युलरचा १४ चा रेकॉर्ड मोडला, तोही जर्मनीतच. पुढं २०१४ ला जर्मनीच्या क्लोजनं सोळावा मारून तो परत घेतला आणि तो पण ब्राझीलमध्ये, ब्राझीलवरच, त्या ७-१ च्या मॅचला, आणि रोनाल्डो तिथंच कॉमेंट्रीला. दुसऱ्या दिवशी आपल्या घरात कोण जेवलं नाही, पप्पा सोडून.

जाड्या म्हणायचे त्याचं मला जास्त लागायचं. २०११ ला रिटायर होताना रडत रडत सांगितलं त्यानं की मिलानला असताना हायपोथायरॉइड निघाला होता, त्यात वजन वाढतं. मी रोज सकाळी उपाशीपोटी ती गोळी घेते, मला विचारा काय असतं ते. जिना चढला की धाप, आणि बायका म्हणणार चांगलंच मानवलंय की. आणि हा माणूस ते अंगात घेऊन, दोन्ही गुडघे फाटलेले घेऊन, डिफेंडरच्या अंगावर पळत होता.

म्युलर त्यांचा आहे, राहू दे, त्यांच्या आबांनी बघितलाय तो. पण उद्या गप्प बसू नकोस. लाझिओचा गोल दाखव मोबाईलवर, बोलायची पण गरज नाही, तेवढा दाखव.

आणि त्या स्टेडियमला सुट्टीच्या दिवशी जाऊन ये, घानाचा गोल कुठल्या बाजूला झाला त्यावरनं दोन्ही मामांचं रविवारपासून बोलणं बंद आहे, फोटो काढून पाठव म्हणजे मिटेल एकदाचं. येताना थोरल्या मामाला पिवळी नऊ नंबरची जर्सी आण, लार्ज सांगितलीय त्यानं, तू डबल एक्सएल आण.

तुझी,
आई