आधी शिकू द्या, मग कुलूप लावा

‘पेटंट कायदा कडक करा, तंत्रज्ञान आपोआप येईल’ हा विकसनशील देशांना दिला जाणारा सल्ला इतिहासाला धरून नाही. नेदरलँड्सने १८६९ मध्ये पेटंट कायदाच रद्द केला आणि १९१२ पर्यंत त्याविना काम चालवले. फिलिप्सची दिव्यांची कंपनी याच काळातली, १८९१ ची. स्वित्झर्लंडनेही औषधांच्या रेणूला पेटंट दिले ते १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात, तिथला औषधउद्योग जगात नावारूपाला आल्यावर. भारताच्या १९७० च्या कायद्याने औषधाऐवजी केवळ ते बनवण्याच्या प्रक्रियेला पेटंट दिले, म्हणून आपल्या रसायनशास्त्रज्ञांना पर्यायी प्रक्रिया शोधता आल्या. तेच कसब पुढे एचआयव्हीची औषधे गरीब देशांना परवडण्याजोगी करण्यासाठी कामी आले.

शिवाय पेटंटचा कागद हाती आला म्हणजे तंत्रज्ञान आले, असे नव्हे. लशीचेच पाहा. पेशी कशा वाढवायच्या, गाळणी कोणती, कोणत्या टप्प्यावर काय तपासायचे, हे बारकावे बहुधा व्यापारी गुपित म्हणून कंपनीतच राहतात. माझ्या मते खरा अडसर हा आहे.

ट्रिप्स या बौद्धिक संपदेविषयीच्या जागतिक व्यापार संघटनेच्या कराराच्या कलम ६६.२ नुसार, अल्पविकसित देशांना तंत्रज्ञान मिळावे म्हणून श्रीमंत देशांनी आपल्या कंपन्यांना प्रोत्साहन देणे बंधनकारक आहे. या संघटनेत भारताने त्याचा हिशेब ठामपणे मागावा आणि द्विपक्षीय व्यापार करारांत औषधचाचण्यांच्या माहितीवरील मक्तेदारीची अट, म्हणजे मूळ कंपनीच्या चाचण्यांच्या आधारे इतरांच्या स्वस्त औषधाला ठरावीक काळ परवानगी न देण्याची अट, मुळीच मान्य करू नये.