भावाच्या चौकटीत गिनीलाही एक ओळ द्या

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या अंकात हवामानाच्या शेजारी सोन्या-चांदीच्या भावाची छोटी चौकट असते. शुद्ध सोनं दहा ग्रॅम, बावीस कॅरेट दहा ग्रॅम, चांदी किलोला. आमच्या घरी ती कुणी वाचत नसे. घेणं नाही, मोडणं नाही, मग भाव बघून करायचं काय? यंदा मात्र ती कात्रीने कापून ठेवायची वेळ आली आणि लक्षात आलं, की जुनी नाणी विकायला निघालेल्या माणसाला त्या चौकटीचा जेमतेम निम्माच उपयोग होतो. उरलेला निम्मा तुम्हाला एका ओळीत देता येईल, म्हणून हा पत्रप्रपंच.

माझी आत्या ८४ वर्षांची. गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तशी तिने कपाटातून पितळी डबा काढला आणि माझ्या पुढ्यात सरकवला. "मला आता कुठे मिरवायचंय? मोडून टाक." लाल फडक्यात तीन गिन्या आणि सयाजीराव महाराजांच्या मुद्रेची एक मोहोर. दोन गिन्यांना कडी लावलेली, म्हणजे कधीकाळी कुणाच्या तरी गळ्यात होत्या. तिसरी कोरी. मोहोर मात्र दर लक्ष्मीपूजनाला ताम्हनात बसायची, पंचामृताने न्हायची आणि दुसऱ्या दिवशी राखेने घासून परत डब्यात जायची. साठ-सत्तर वर्षं हे चाललेलं. महाराजांचं नाक त्यात पार सपाट झालंय.

एका पेढीवर गेलो. नाव लिहीत नाही, कारण थोड्याफार फरकाने दुसऱ्याही पेढीवर तेच ऐकलं. गल्ल्यावरच्या मुलाने कडीची एक गिनी उचलली, मी तोंड उघडायच्या आत तिची कड कसोटीच्या दगडावर घासली, तेजाबाचा थेंब टाकला आणि म्हणाला, "काका, जूनुं छे. वीस कॅरेट धरीए. ने रेण बहु छे, दस टका घट." रेण म्हणजे आपण ज्याला डाख म्हणतो तो, सांधा जोडायला लावलेला हलका धातू. काट्याचा आकडा त्याच्या बाजूला, कॅल्क्युलेटर त्याच्या हातात. मला फक्त शेवटची रक्कम दाखवली.

मी तीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. काट्याचा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी वाचल्याशिवाय वहीत लिहायचा नाही, हे पोरांना सांगता सांगता माझे केस पिकले. तेव्हा गिन्या उचलल्या आणि घरी आलो.

आपण जिला गिनी म्हणतो ती खरं तर इंग्रजी सॉव्हरिन. (खरी गिनी म्हणजे एकवीस शिलिंगांचं वेगळं नाणं. ते १८१४ मध्येच पाडायचं बंद झालं. नाव तेवढं आपल्या तोंडी राहिलं.) सॉव्हरिन १८१७ पासून एकाच मापाने निघते आहे. वजन ७.९८८ ग्रॅम, सोनं बावीस कॅरेट, व्यास २२ मिलिमीटरच्या किंचित वर. तिच्यात शुद्ध सोनं भरतं ७.३२ ग्रॅम. अर्ध्या गिनीत याच्या बरोबर निम्मं. हा कस सरकारी टांकसाळीने ठरवलेला आहे. नाणं खरं असेल तर त्याला 'वीस धरीए' म्हणायला जागाच नाही.

आता हिशेब. सोपं जावं म्हणून शुद्ध सोनं दहा ग्रॅमला एक लाख धरतो, वाचकांनी त्या दिवशीचा भाव घालावा. कडीसकट गिनीचं वजन माझ्या काट्यावर ८.३१ ग्रॅम. ओळखीच्या सोनाराकडून डोळ्यांदेखत कडी काढून घेतली, नुसती गिनी भरली ७.९६. म्हणजे झीज अवघी तीन शतांश ग्रॅम, आणि कडी डाखासकट ०.३५ ग्रॅम. पेढीच्या हिशेबाने ८.३१ ग्रॅम, वीस कॅरेट, वर दहा टक्के घट, म्हणजे रुपये ६२,३२५. कडीचं सोनं फुकट सोडून दिलं तरी नुसत्या गिनीचे बावीस कॅरेटने होतात ७२,९६७. एका नाण्यामागे साडेदहा हजारांहून जास्त फरक. डाखापोटी ०.८३ ग्रॅमची घट मागितली, आणि अख्खी कडीच तिच्या निम्म्याहून कमी वजनाची!

मोडीच्या दागिन्यात घट असते हे मान्य. साखळी-पाटल्यांत ठिकठिकाणी डाख असतो, तो वितळवल्यावर कळतो. पण ठशाने पाडलेल्या नाण्यात डाख येणार कुठून? असेल तो कडीपुरता. कडी वेगळी करा, वेगळी तोला, दोन ओळींत लिहून द्या. दुकानदाराने आपल्या धंद्यापोटी शेकड्यामागे दोन-तीन रुपये कमी दिले तर माझी तक्रार नाही. त्यालाही दिवाबत्तीचा खर्च आहे.

नाणं खोटं नाही कशावरून, हा प्रश्न रास्त आहे. त्यासाठी दगड आणि तेजाब लागत नाही. शतांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा काही शे रुपयांत मिळतो. स्वयंपाकघरातला चालत नाही. त्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. नाणं शिवणाच्या दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका. काटा जेवढं दाखवेल तेवढं पाणी नाण्याने सारलं. आमच्या गिनीला ०.४५ आलं. ७.९६ ला ०.४५ ने भागलं की घनता येते साडेसतराच्या थोडं वर, म्हणजे बावीस कॅरेटच्या घरात. त्याच वजनाचं पितळ असतं तर ०.९ च्या वर गेलं असतं. आत्या खुर्चीत बसून हे सगळं बघत होती. "गिनीला आंघोळच घालायची होती तर मला सांगायचं," म्हणाली.

यावर कुणाचं समाधान होत नसेल तर एक्स-रे मशीन आहेच. हॉलमार्किंग केंद्रात आणि बऱ्याच सराफांकडे ते असतं. ते फक्त वरचा थर वाचतं, पण नाण्याला ओरखडा पडत नाही. वजन, माप, पाणी आणि मशीन चारही जुळले की पुरे. मात्र सोनं खरं म्हणजे नाणं टांकसाळीचंच असं नव्हे. बऱ्या सोन्याच्या नकली सॉव्हरिनही लेबनॉनसारख्या ठिकाणी बनल्या आहेत. त्यांना सोन्याची किंमत येते, नाण्याची येत नाही.

इथवर सोन्याची किंमत झाली, आणि ती फक्त तळाची. खरी गंमत तिसऱ्या 'गिनी'त निघाली. तिन्ही एकाच आकाराच्या, एकाच वजनाच्या, तिन्हींवर पंचम जॉर्ज. भिंग लावलं तर दोन गिन्यांवर राजा उघड्या डोक्याचा आणि मागे घोड्यावरचा योद्धा. तिसरीवर राजाच्या डोक्यावर मुकुट, मागे घोडा नाहीच! नक्षीच्या मधोमध १५ चा आकडा आणि साल १९१८. ते मुंबईच्या टांकसाळीत पाडलेलं पंधरा रुपयांचं सोन्याचं नाणं. तेव्हा एका सॉव्हरिनचा कायदेशीर भाव पंधरा रुपये होता, म्हणून वजन आणि कस तेच ठेवला. काट्यावर दोघींत फरक दिसत नाही, पण नाणी जमवणारे पंधरा रुपयांच्या नाण्याला सोन्याच्या वर चांगले पैसे देतात. पेढीवरच्या मुलाने तिन्ही एकाच वाटीत टाकली होती.

उरलेल्या दोघींपैकी एकीवर योद्ध्याच्या खाली, सालाच्या वर जमिनीच्या पट्टीत बारीकसा इंग्रजी आय आहे. तीही १९१८ ची, मुंबईचीच. सॉव्हरिन मुंबईत त्या एकाच साली निघाल्या, पण तेरा लाखांच्या आसपास निघाल्या. तेव्हा फार हुरळायचं कारण नाही, त्यातून हिला कडीचा डाग. कडी किंवा भोक असलं की हौशी गिऱ्हाईक पाठ फिरवतं आणि नाणं पुन्हा सोन्याच्या भावावर येतं. कुणाकडे कोरं नाणं असेल तर त्याला कडी लावू नका, उजळवू नका, लिंबू-राख तर नकोच.

मोहोरेचा घोटाळा निराळा. दुसऱ्या पेढीवरच्या गृहस्थाने तिच्यावरचा आकडा वाचला, एकोणीसशे चाळीस-पन्नासच्या घरातला, आणि म्हणाला, ही काही जुनी नाही. अहो, तो विक्रम संवत! त्यातून ५७ वजा करा. बडोद्यात धंदा करणाऱ्याला हे माहीत नसावं? आणि मोहोर म्हणजे तोळाभर, हा आपल्याही लोकांचा समज. कंपनी सरकारची मोहोर ११.६६ ग्रॅमची होती खरी, पण बडोदे संस्थानची तिच्याहून हलकी असते. म्हणून वजन कमी भरलं की 'झिजलीय' किंवा 'खोटी आहे' असं कुणी म्हणालं तर लगेच मान डोलवू नये.

अमेरिकेतला भाचा म्हणाला, मामा, नाणी इकडे पाठवा, इथे किंमत जास्त येते. त्याला कळवलं की बाबा रे, शंभर वर्षांवरचं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं आणि ते देशाबाहेर पाठवता येत नाही. १९१८ ची नाणी आता त्यात बसतात. पुरावस्तूंचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो, तो विकण्याआधी बघून घ्यावा. पैसे बँकेत घ्यावेत आणि फायद्यावर साडेबारा टक्के कर बसतो हेही धरून चालावं. वडिलोपार्जित नाण्याची खरेदी-किंमत म्हणून १ एप्रिल २००१ चा बाजारभाव धरता येतो, त्यामुळे कराचा आकडा थोडा खाली येतो.

आता मूळ मुद्दा. माझ्याकडे काटा होता, भिंग होतं, सवड होती. तुमच्या वाचकांत कितीतरी आत्या-मावश्या अशा आहेत की ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही, फक्त डबा आहे. त्या चौकटीतला दहा ग्रॅमचा आकडा बघून जातात आणि पेढीवर कॅल्क्युलेटर उलटा फिरला की गप्प बसतात. दिल्ली सराफ्याच्या बातमीत पूर्वी गिन्नीचा आठ ग्रॅमचा भाव वेगळा येत असे, म्हणजे ही काही नवी मागणी नाही. चांदीच्या खाली एवढंच छापा: 'गिनी (शुद्ध सोनं ७.३२ ग्रॅम)' आणि पुढे त्या दिवशीचा आकडा. जमल्यास अर्धी गिनीही.

कडी काढलेल्या दोन गिन्या परवा एका तिसऱ्या पेढीवर मशीनचा कागद आणि वजनाची पावती घेऊन शेकडा दोनच्या कपातीने दिल्या. पंधरा रुपयांच्या नाण्यासाठी दोन ठिकाणी भाव विचारून ठेवले आहेत, घाई नाही. मोहोर द्यायला आत्या ऐन वेळी तयार झाली नाही. ती परत डब्यात गेली, राखेशिवाय.

आपला,
एक जुना वाचक
दांडिया बाजार, बडोदे