निवेदन आणि साक्ष

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

हिवाळी अधिवेशनावर मोर्चा कसा नेतात, हे आम्हा विदर्भातल्या लोकांना पाठ आहे. पोलिसांचे कठडे लागतात तिथे थांबायचे, घसा बसेपर्यंत घोषणा द्यायच्या. मग पाच जणांचे शिष्टमंडळ आत जाते, निवेदन देते, फोटो निघतो आणि मंडळी परतीची एसटी पकडतात. देणाऱ्याला कोणी एक प्रश्न विचारत नाही. दारूबंदीसाठी अशा किती निवेदनांवर मी सही केली, ते आता आठवतही नाही.

मे महिन्यात लेकीकडे एडिंबरोला गेले होते. जावई म्हणाले, आई, किल्ला सगळेच बघतात, तुम्हाला संसद दाखवतो. स्कॉटलंडची ही संसद लंडनच्या संसदेहून वेगळी, 1999 पासूनची, 129 सदस्यांची. आरोग्य, शिक्षण, पोलीस असे विषय तिच्याकडे. विमानतळासारखी तपासणी झाली की आत जायला पैसे पडत नाहीत. सकाळी समित्या बसतात आणि दुपारी सभागृह, त्यामुळे समिती सोडून सभागृहाकडे धावायची वेळ सदस्यांवर येत नाही. आम्ही गेलो ते एका समितीच्या बैठकीला. तिथे लोकांसाठी ठेवलेल्या खुर्च्यांवर आम्ही तिघे आणि कॉलेजातली चार पोरे होतो.

साक्षीला आलेल्या बाई एका संस्थेच्या होत्या. अमुक योजनेमुळे रुग्णांची प्रतीक्षा कमी झाली, असे त्यांनी सांगितले. एका सदस्याने शांतपणे विचारले, कमी म्हणजे कोणत्या वर्षाच्या तुलनेत? बाई थबकल्या. कागद उलटेपालटे केले आणि म्हणाल्या, आकडा आत्ता जवळ नाही, लेखी कळवते. बस, एवढेच. पण हे उत्तरही कामकाजाच्या वृत्तांतात छापले जाते आणि तो कोणालाही वाचता येतो. मी तीस वर्षे शाळेत तोंडी परीक्षा घेतल्या आहेत. तो थबकण्याचा क्षण किती मोलाचा असतो, ते मला ठाऊक आहे.

तिथे वरचे सभागृह नाही, त्यामुळे विधेयकाची चाळणी समितीलाच करावी लागते. विधेयक आले की समिती लोकांकडून लेखी मते मागवते, ती प्रसिद्ध करते, त्यातल्या काहींना समोर बोलावते आणि अहवाल देते. सभागृहाचे पहिले मतदान त्यानंतर. साक्षीदाराला बोलावण्याचा आणि कागदपत्रे मागण्याचा अधिकार 1998 च्या स्कॉटलंड कायद्यानेच दिलेला आहे. तिथे सगळे सोवळे आहे असे मुळीच नाही. समितीतले सदस्यही पक्षाचा चेहरा बघून बोलतात, आणि खुद्द त्या इमारतीचा खर्च 41 कोटी पौंडांवर गेला म्हणून चौकशी बसली होती!

पण दारूच्या दराचा त्यांचा कायदा ऐकला आणि मला आमच्या चंद्रपूरची दारूबंदी आठवली. 2012 चा हा कायदा म्हणतो, ठरलेल्या किमान दराखाली दारू विकायची नाही. व्हिस्कीवाल्यांची संघटना कोर्टात गेली, ते प्रकरण 2017 पर्यंत चालले आणि 1 मे 2018 पासून अंमल सुरू झाला. दर होता युनिटला, म्हणजे 10 मिलिलिटर शुद्ध अल्कोहोलला, 50 पेन्स (अर्धा पौंड). म्हणजे 3 लिटरची कडक साइडर, म्हणजे सफरचंदाची दारू, जी पूर्वी चार पौंडांच्या आसपास मिळे, ती 11 पौंडांच्या पुढे गेली. खरी गंमत पुढेच आहे. या कायद्याला 6 वर्षांची मुदत होती. सरकारने 5 वर्षांनी परिणामांचा अहवाल संसदेपुढे ठेवायचा आणि संसदेने पुन्हा होकार दिला नाही तर दर आपोआप रद्द.

2023 मध्ये तिथल्या सार्वजनिक आरोग्य संस्थेचे मूल्यमापन आले. ज्या इंग्लंडात असा दर नव्हता त्याच्याशी तुलना करून त्यांनी म्हटले, दारूमुळे थेट होणारे मृत्यू सुमारे 13.4 टक्क्यांनी कमी झाले. त्याच अहवालात हेही लिहिले होते की व्यसनात पुरत्या अडकलेल्या गरिबांवर पैशाचा ताण वाढला असावा. विरोधकांनी दुसरा आकडा पुढे केला: 2022 मध्ये असे 1,276 मृत्यू झाले, 2008 नंतरचे सर्वाधिक, मग कमी काय झाले? दोन्ही आकडे खरे. विरोधकांचा आकडा सांगतो किती मेले, अहवालाचा सांगतो कायदा नसता तर आणखी किती मेले असते. हा वाद उघड्यावर झाला. एप्रिल 2024 मध्ये संसदेने कायदा चालू ठेवला आणि सप्टेंबरअखेर दर 65 पेन्स केला.

आता आमचे बघा. 2010 मध्ये दारूबंदी मागायला बायका चिमूरहून नागपूरला पायी गेल्या. 1 एप्रिल 2015 ला चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी लागली, मे 2021 मध्ये मंत्रिमंडळाने ती उठवली. बंदी योग्य की अयोग्य यावर मी इथे भांडत नाही. अवैध दारूचे पाट वाहत होते हे मीही डोळ्यांनी पाहिले. पण लावताना किती वर्षांनी, कशाशी ताडून बघायचे हे ठरले नव्हते. उठवताना आमच्यापैकी कोणाला बोलावून उलट प्रश्न विचारले नाहीत. आपल्याकडे मते मागवतच नाहीत असेही नाही. महाराष्ट्राच्या जनसुरक्षा विधेयकावर 12,000 हून अधिक सूचना आल्या होत्या. मात्र विधिमंडळाच्या समित्या बंद दाराआड बसतात, त्यामुळे कोणत्या सूचनेवर कोण काय म्हणाले, हे सूचना पाठवणाऱ्याला कळत नाही.

बंदीच्या आढाव्यासाठी 2020 मध्ये लोकांकडून निवेदने मागवली होती, ती लाखांनी आली. आपले बातमीदार अधिवेशनाला असतातच. ती निवेदने आज कोणत्या कपाटात आहेत, एवढे त्यांनी विचारावे आणि आपण ते छापावे, ही विनंती. त्यात माझेही एक आहे, दोन पानी, हाताने लिहिलेले. कोणत्या वर्षाच्या तुलनेत, ते मी त्यात लिहिले होते.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
मूल, जि. चंद्रपूर