त्या एका हिसड्याबद्दल, काका

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

खरं तर जिना चढून वर येऊन दोन शब्द बोलले असते तरी चाललं असतं. पण उंच कपाट आणि लहान मूल एकाच खोलीत असलेली घरं पुष्कळ आहेत, म्हणून हे पत्र उघडंच लिहितेय.

तुम्ही आलात तेव्हा मी मनातून जरा घुश्श्यात होते. आदल्याच दिवशी मी कपाट भिंतीला पक्कं केलं होतं ना! वरच्या कोपऱ्यात एल पट्टी, पट्टीला स्क्रू, दिसायला सगळं चोख. तुम्ही काही बोलला नाहीत. पट्टीत दोन बोटं अडकवलीत आणि एक हिसडा दिलात. गट्टीसकट (स्क्रू धरायला भोकात ठोकतात ती प्लास्टिकची नळी) स्क्रू बाहेर आला, मागोमाग मूठभर राखाडी भुगा. "हे गिलाव्यात होतं, भिंतीत नव्हतंच," एवढंच म्हणालात.

लाज वाटली आणि पोटात गोळाही आला. कारण त्याच्या दोनच दिवस आधी लेकीने तिन्ही खण बाहेर ओढून खालच्या खणात पाय ठेवला होता आणि कपाट पुढे झुकलं होतं. मी शेजारीच होते म्हणून हात लावता आला. "एवढं जड कपाट, ते कशाला हलतंय," असं आम्ही इतके दिवस धरून चाललो होतो. तुम्ही खण एकेक उघडून दाखवलंत, की सामानासकट खण बाहेर आले की सगळा भार पुढच्या पायांवर येतो. त्यात मुलाचं वजन पडलं की कपाट पुढच्या कडेवर कलंडतं. जडपणा तेव्हा आपल्या बाजूने नसतो, अंगावर येणाऱ्याच्या बाजूने असतो.

मग तुम्ही ड्रिल माझ्याच हातात दिलंत. याबद्दल तर वेगळे आभार. भोक पाडण्याआधी भिंतीवर बोटाने टकटक करत फिरलात. एका जागी पोकळ आवाज आला, तिथला गिलावा सुटलाय म्हणून ती जागा सोडली. मी निवडलेली जागा बरोबर स्विचबोर्डाच्या वर होती. आतली वायर बहुधा तिथूनच सरळ वर जाते, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

गिलावा साधारण १२ ते २० मिलिमीटर जाड असतो आणि त्याच्यात धरण्याची ताकद नसते. माझी आखूड गट्टी जवळजवळ सगळी त्यातच राहिली होती. तुम्ही ड्रिलच्या ८ मिलिमीटरच्या बिटला टोकापासून ७५ मिलिमीटरवर चिकटपट्टी गुंडाळलीत, म्हणजे किती आत गेलो ते कळावं. आधी राखाडी भुगा, मग लाल. "लाल आलं की वीट आली." दुसऱ्या भोकात बिट एकाएकी सुळकन आत गेलं आणि भुगा परत राखाडी झाला, तेव्हा तुम्ही हात धरलात: दोन विटांमधल्या सांध्यात घुसलो होतो. जरा खाली सरकून पुन्हा पाडलं. भोकातला भुगा काढायला सायकलचा पंप! मला हसू आलं होतं. पण भुगा आत राहिला तर गट्टी पूर्ण बसत नाही आणि नीट पकडतही नाही, हे कळल्यावर ओशाळले.

गट्टी हातोडीच्या हलक्या ठोक्यांनीच आत जायला हवी, बोटाने गेली तर भोक मोठं झालंय. (मी काडेपेटीच्या काड्या कोंबू का विचारलं, तेव्हाची तुमची नजर विसरणार नाही.) गिलाव्याच्या पलीकडे, विटेत ती बसली, मग ५ मिलिमीटर जाड, ७० मिलिमीटर लांब स्क्रू. पूर्वी भिंतीत खाच पाडून लाकडी गुटका बसवायचे, लाकूड सुकलं की तो खुळखुळायचा, असं तुम्ही सांगत होतात. नंतर वाचलं, की नायलॉनची ही पसरणारी गट्टी आर्टुर फिशर यांनी १९५८ मध्ये काढली. आता स्क्रू आवळताना त्यांचीही आठवण होते.

कपाटाच्या बाजूनेही मी घोळच घातला होता. स्क्रू मागच्या पातळ प्लायमध्ये! तुम्ही तो काढून वरच्या जाड फळीत घेतलात, दोन्ही टोकांना दोन पट्ट्या लावल्यात, आणि भिंतीच्या तळाच्या स्कर्टिंगमुळे कपाटामागे पडलेल्या बोटभर फटीत लाकडाची पट्टी सरकवलीत. जड वस्तू खालच्या खणात गेल्या. पोकळ ब्लॉकच्या किंवा हलक्या फोमसारख्या ब्लॉकच्या भिंतीला ही गट्टी चालत नाही, तिला वेगळी लागते, हे बहिणीला सांग म्हणालात; सांगितलं, आणि तिची भिंत नेमकी तशीच निघाली.

काल स्क्रू पुन्हा आवळून पाहिले, अर्धा आटाही फिरले नाहीत. पट्टीत बोटं अडकवून हिसडाही दिला, तुमच्यासारखाच. तुमचं ८चं बिट अजून माझ्याकडेच आहे. चपलांचं कपाट राहिलंय, ते झालं की आणून देते.

तुमची,
खालच्या मजल्यावरची